दोन सीझन झाले, फ्लाउंडर लागत का नाही?

प्रश्न असा आलाय की दोन सीझन खाडीच्या उथळ पाण्यात, कधी पाण्यात उतरून तर कधी कयाकमधून (वल्ह्याच्या छोट्या होडीतून) गळ टाकतोय, ट्राउट मिळतात, रेडफिश मिळतात, पण फ्लाउंडर, म्हणजे तळाला पडून राहणारा चपटा मासा, आतापर्यंत तीनच आणि तेही चुकून लागलेले, बरेचदा काहीतरी जड लागल्यासारखं होतं, झटका मारला की गळ रिकामा. शिवाय विचारलंय की जिवंत आमिष लावू की प्लास्टिकचं नकली, आणि रंग कुठला.

रंगाचं नंतर बघू, खरं तर तो सगळ्यात कमी महत्त्वाचा प्रश्न आहे. तुमच्या वर्णनावरून मला तरी वाटतं की मासे तुमच्या पाण्यात आहेत, तुमच्या गळापर्यंतही येताहेत, फक्त तुम्ही ट्राउटच्या पद्धतीने फ्लाउंडरच्या मागे लागलाय. ट्राउट फिरता मासा आहे, त्याच्यासाठी भरपूर पाणी चाळावं लागतं, भराभर टाकायचं, भराभर ओढायचं, नाही मिळाला की पुढे. फ्लाउंडर पडून असतो. तो तुमच्याकडे येणार नाही, तुमचं आमिष त्याच्या नाकावरून जायला हवं आणि हळू जायला हवं. मी स्वतः पहिली चार वर्षं अगदी हेच करत होतो, त्यामुळे कुठे चुकतंय ते लगेच ओळखू आलं.

आधी हा प्राणी डोक्यात बसवा कारण पुढचं सगळं त्यातूनच येतं. लेपा बघितला असेल तर अंदाज असेलच, चपट्या माशांच्या त्याच गोतावळ्यातला हा. अंड्यातून बाहेर येतो तेव्हा इतर माशांसारखाच उभा पोहतो, दोन्ही बाजूंना एकेक डोळा, मग काही आठवड्यांत एक डोळा डोक्यावरून सरकत दुसऱ्या बाजूला जातो आणि पिल्लू आडवं होऊन तळाला बसतं ते कायमचं. वरची बाजू तळाच्या रंगाप्रमाणे बदलते, खालची पांढरीच राहते. पर हलवून अंगावर वाळू-चिखल उडवून घेतो, डोळे तेवढे बाहेर, आणि वाट बघत पडतो. समोरून, तळापासून वीतभर उंचीवरून काही गेलं की झडप. दोन-चार फूट मागे धावतोसुद्धा कधीकधी, कयाकच्या कडेपर्यंत आलेला मी पाहिलाय, पण त्यावर भरवसा ठेवून मासेमारी होत नाही.

नावाचा एक घोळ इथेच मिटवून टाकतो, कारण फ्लाउंडर म्हणून वाचलेली माहिती कुठल्या फ्लाउंडरची आहे ते न बघता लोक वापरतात आणि मग काहीच जुळत नाही. सदर्न फ्लाउंडर म्हणजे साधारण अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनापासून खाली आणि मग मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्याने, फ्लोरिडाचं दक्षिण टोक सोडून. याला चिखल आवडतो, कमी खारं पाणीही चालतं, नदीत बराच वरपर्यंत गोड्या पाण्यातसुद्धा सापडतो. गल्फ फ्लाउंडर त्याच भागातला पण जास्त खारं पाणी आणि वाळूचा तळ पसंत करणारा, अंगावर तीन ठळक डोळ्यांसारखे ठिपके त्रिकोणात असतात. समर फ्लाउंडर, ज्याला फ्लूक म्हणतात, तो अटलांटिक किनाऱ्यावर वरच्या बाजूचा, त्याच्या शेपटीकडच्या भागात पाच ठळक ठिपके. या तिघांचे डोळे डाव्या बाजूला आणि तिघांचं तोंड मोठं, दात तीक्ष्ण. विंटर फ्लाउंडर मात्र पूर्ण वेगळी केस आहे, डोळे उजवीकडे, तोंड एवढंसं, त्याला छोट्या गळावर किडे नाहीतर शिंपल्याचं मांस लागतं आणि बाकीचे जेव्हा थंडीत खोल समुद्रात जातात तेव्हा हा किनाऱ्याकडे येतो. तुम्हाला ट्राउट आणि रेडफिश मिळताहेत म्हणजे तुमचा विषय सदर्न किंवा गल्फ, त्यामुळे इथून पुढे मी मुख्यतः त्यांच्याबद्दलच बोलतोय.

आता जागा. माझं ऐंशी टक्के फ्लाउंडर एकाच प्रकारच्या जागेवरून आलंय, खाजणातून बाहेर पडणारा छोटा नाला जिथे मोठ्या पाण्याला मिळतो ते तोंड. भरतीला पाणी गवतात शिरतं, त्याच्याबरोबर बोयटाची पिल्लं, कोळंबी, बारके मासे सगळे गवतात घुसतात कारण तिथे त्यांना खायला आहे आणि लपायला आहे. ओहोटी लागली की पाणी उतरतं आणि या सगळ्या मंडळींना बाहेर यावंच लागतं, आणि बाहेर यायची वाट म्हणजे ते तीन-चार फूट रुंद तोंड. फ्लाउंडरला एवढंच हवं असतं. तो तोंडाच्या बरोबर मध्ये, जोराच्या प्रवाहात सहसा नसतो, तिथे टिकून राहायला फार कष्ट पडतात. कडेला, जिथे प्रवाह मंदावतो आणि तळ एकदम खाली जातो तिथे, तोंड प्रवाहाकडे करून पडतो. म्हणून नाल्याचं तोंड दिसलं की पहिलं बघायचं की वेगवान पाणी आणि शांत पाणी यांच्यामधली रेघ कुठे आहे, गढूळ पाणी आणि बऱ्यापैकी नितळ पाणी कुठे मिळतंय, आणि उतार कुठे सुरू होतोय. या तिन्ही गोष्टी जिथे जवळ येतात तिथे टाकायचं.

आणि मोठे नाले सगळ्यांनाच दिसतात हो, तिथे आधीच दोन बोटी उभ्या असतात. मी छोटे बघतो. उडी मारून ओलांडता येतील असले, पूर्ण ओहोटीला कोरडे पडणारे. त्यातून अर्धी ओहोटी झाल्यावर तासभरच पाणी वाहतं पण त्या तासात खाणं एका रेषेत बाहेर येत असतं. तोंडाशी बारके मासे पाण्यावर चमकताहेत, उड्या मारताहेत असं दिसलं तर तिथून हलू नका.

जागा शोधायची माझी आवडती युक्ती सांगतो, यात गळ लागतच नाही. एकदम खालच्या ओहोटीला, पाणी पार गेलेलं असताना, उघड्या पडलेल्या चिखलाच्या कडेने चालत जायचं. फ्लाउंडर जिथे पडून होता तिथे त्याच्या आकाराचा ठसा राहतो, ताटलीएवढा, लांबट, कडा जरा वर आलेल्या, एकदा ओळखू आला की विसरत नाही. एक ठसा असेल तर योगायोग, पण एकाच कोपऱ्यात पाच-सहा असले तर ती त्यांची रोजची बसायची जागा. मी माझी सगळ्यात चांगली जागा अशी शोधली, गळ टाकून तिथे मला दोन वर्षांत कधी काही लागलं नव्हतं कारण मी तिच्यावर उभा राहून पुढच्या खोल पाण्यात टाकायचो. मासे पायाशी, मी टाकतोय चाळीस वाव लांब. पाण्यात उतरून मासेमारी करणाऱ्यांची ही नंबर एकची चूक आहे, पाण्यात पाय घालायच्या आधी किनाऱ्याचं पहिलं दहा-पंधरा फूट पाणी चाळून घ्या. फूटभर पाण्यात चांगले मोठे मासे असतात.

बाकीच्या जागा थोडक्यात. कालवांचे कट्टे असतील तर कट्ट्यावर नाही, त्याच्या कडेला जिथे शिंपले संपून चिखल सुरू होतो तिथे. दगडी बांधावर दगड जिथे वाळूला टेकतात ती रेघ, म्हणजे पुन्हा पायाखालीच, बांधाला समांतर टाकलं तर आमिष जास्त वेळ कामाच्या पाण्यात राहतं. पुलाचे खांब आणि धक्के, खांबाच्या मागे जिथे पाणी भोवऱ्यासारखं फिरतं. गवताळ तळामधले वाळूचे मोकळे तुकडे, हे गल्फ फ्लाउंडरसाठी खास. आणि उन्हाळ्यात उथळ पाणी फार तापलं की चॅनलची म्हणजे खोल पाण्याच्या वाटेची कड, तीन फुटांवरून सहा-सात फुटांवर जाणारा उतार, त्या उताराच्या वरच्या ओठावर.

भरती-ओहोटीबद्दल सगळे सांगतात की पाणी हलतं हवं, ते खरंच आहे, मला विचाराल तर ओहोटीचे शेवटचे दोन तास सगळ्यात भारी आणि त्यानंतर नवीन भरतीचा पहिला तास. पाणी थांबलं की डबा खायचा. पण आखाताच्या किनाऱ्यावर एक भानगड आहे, तिथे भरती-ओहोटीतला फरकच मुळात फूट-दोन फूट आणि पुष्कळ ठिकाणी दिवसातून एकदाच, त्यामुळे वारा भरती-ओहोटीच्या तक्त्याला सहज हरवतो. उत्तरेचा जोराचा वारा सुटला की तक्त्यात भरती लिहिलेली असली तरी खाडीतलं पाणी बाहेर ढकललं जातं, दक्षिणेचा असेल तर ओहोटी होतच नाही नीट. म्हणून ॲप बघून जा पण तिथे पोचल्यावर एखाद्या खांबापाशी किंवा गवताच्या काडीपाशी पाणी कुठल्या दिशेला वाहतंय ते डोळ्यांनी बघा आणि त्यावर विश्वास ठेवा.

सीझनचं म्हणाल तर सदर्न फ्लाउंडर शरद ऋतूत, थंड वाऱ्याच्या पहिल्या एक-दोन लाटा आल्या आणि पाणी गार व्हायला लागलं की खाडीतून समुद्राकडे निघतात, अंडी बाहेर खोल समुद्रात घालतात, हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंतात पिल्लं आणि मोठे परत आत येतात. सगळे एकाच वेळी, खाडीच्या तोंडाच्या अरुंद वाटेने निघतात त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथे झुंबड उडते, माशांची पण आणि माणसांची पण. इथे जरा थांबून बोलतो कारण मला हे महत्त्वाचं वाटतं. सदर्न फ्लाउंडरचा नर लहानच राहतो, साधारण १४ इंचांच्या वर क्वचित जातो, म्हणजे घरी न्यायच्या मापाचा जो काही मासा तुम्ही पकडता तो जवळजवळ नेहमी मादी असते आणि त्या दिवसांत ती अंडी घालायलाच निघालेली असते. त्यात आणखी एक गंमत, पिल्लं लहान असताना पाणी फार गरम मिळालं तर जन्माने मादी असलेली पिल्लंसुद्धा नर होतात, म्हणजे पाणी तापलं की पुढच्या पिढीत माद्या आणखी कमी. म्हणूनच टेक्सासमध्ये २०२१ पासून १ नोव्हेंबर ते १४ डिसेंबर फ्लाउंडर ठेवणं पूर्ण बंद आहे आणि किमान माप १५ इंच, फ्लोरिडात त्याच वर्षापासून १५ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर बंद, माप १४ इंच, दोन्हीकडे दिवसाला माणशी पाच. ओरडणारे खूप होते तेव्हा, मीही थोडा कुरकुरलो होतो, आता वाटतं बरं झालं. हे नियम अधूनमधून बदलतात तेव्हा निघायच्या आधी त्या त्या राज्याच्या खात्याच्या साइटवर बघूनच निघा. आणि खरं सांगू का, सप्टेंबर आणि ऑक्टोबरची सुरुवात पकडण्यासाठी उत्तम आहे, मासे खाडीच्या तोंडाकडे सरकायला लागलेले असतात, भुकेले असतात, आणि गर्दी निम्मी.

सामानाचं फार काही नाही, ट्राउटचं आहे तेच चालेल. सात फुटी मीडियम रॉड, टोक जरा हळवं, १० ते १५ पौंडांची ब्रेड म्हणजे विणलेली लाइन, पुढे दोनेक फूट २० पौंडांचा फ्लुरोकार्बन लीडर, म्हणजे गळाआधीचा मजबूत तुकडा, कारण दात आहेत आणि कालवं आहेत. ब्रेडच घ्या, मोनो म्हणजे एकपदरी नायलॉन ताणतो आणि तळाचं काही कळू देत नाही. जिग हेडचं, म्हणजे शिशाचं डोकं असलेल्या गळाचं, वजन मात्र नीट निवडा, इथे लोक चुकतात. तळाला टेकलेलं कळलं पाहिजे पण चिखलात नांगरासारखं रुतायला नको. दोन-तीन फूट पाण्यात, हलक्या प्रवाहात १/८ औंस, जरा ओढ असेल तर १/४, बांधावर किंवा चॅनलमध्ये ३/८ किंवा त्याहून जास्त. वजन बदलायचा कंटाळा करणाऱ्याला फ्लाउंडर मिळत नाही, मी एका सकाळी तीन-चारदा बदलतो. त्यावर तीन-चार इंची सॉफ्ट प्लास्टिक, वळवळती शेपटी असलेलं, वास लावलेलं असेल तर उत्तम. वासाचा फायदा एवढाच की मासा तोंडात जरा जास्त वेळ धरून ठेवतो, आणि तुमची जी तक्रार आहे तिच्यावर तेच तर हवंय.

ओढायचं कसं, तर तुम्हाला वाटतंय त्याच्या निम्म्या वेगाने, आणि मग त्याच्याही निम्म्या. टाकलं, तळाला टेकू दिलं, रॉडच्या टोकाने फूटभर सरकवलं, थांबलं, ढिली लाइन गोळा केली, पुन्हा सरकवलं. उंच उड्या नको, तळावर धूळ उडत सरकलं पाहिजे, कोळंबी किंवा छोटा मासा चिखलातून पळतोय असं. नाल्यात टाकताना वर, नाल्याच्या आत टाका आणि पाण्याबरोबर बाहेर आणा, कारण खरं खाणं त्याच दिशेने येतं आणि मासा त्याच दिशेला तोंड करून बसलाय. उलटं, प्रवाहाविरुद्ध पोहत जाणारं कोळंबीचं पिल्लू त्याने आयुष्यात फारसं पाहिलेलं नसतं. एका जागेवर उभं राहून घड्याळाच्या काट्यांसारखं, एकेक फूट सरकत टाकत जा, पाऊल पुढे, पुन्हा तसंच. कंटाळवाणं आहे, मान्य. आणि एक लागला की तिथेच पुन्हा टाका, अगदी त्याच ठिकाणी, दहा वेळा. चांगल्या जागेवर एकाच्या शेजारी दुसरा असतो आणि मोठा पकडला गेला की त्याची जागा घ्यायला दुसरा येतो. एकदा एका छोट्या नाल्याच्या तोंडावर चारचाकी गाडीएवढ्या जागेतून मी मापाचे चार काढलेत आणि आजूबाजूच्या शंभर फुटांत काहीच नव्हतं.

आता तुमचं मुख्य दुखणं, लागतो आणि सुटतो. ट्राउट टक्कन मारतो, तुम्ही टक्कन झटका देता, जमतं. फ्लाउंडरचा बाईट म्हणजे एक थप्प, बोटाने कोणीतरी लाइनवर टिचकी मारल्यासारखी, आणि मग काहीच नाही, फक्त वजन. ओलं गोणपाट अडकल्यासारखं. कधी तर थप्पसुद्धा नाही, नुसतं जड, आणि तुम्हाला वाटतं कालवाला अडकलं. पाण्याखाली काय होतं तर त्याने आमिष दातांत आडवं पकडलेलं असतं, परत तळाला जाऊन बसतो, आणि मग सवडीने ते फिरवून डोक्याकडून गिळतो. तुम्ही पहिल्या टिचकीला झटका दिलात की आमिष त्याच्या दातांतून सरळ निसटतं, गळ तोंडात गेलेलाच नसतो. आमिष नुसतं निसटतं तेव्हा त्याच्यावर दातांचा अर्धचंद्र उमटलेला असतो, पुढच्या वेळी नीट बघा, तुमच्या प्लास्टिकवर नक्की सापडेल. कुरतडून, तुकडा तोडून नेला असेल तर तो खेकडा किंवा पिनफिश नावाचा बारका मासा, दोन्ही बाजूंनी बारीक भोकांची कमान असेल तर हाच.

मग करायचं काय. प्लास्टिक आणि जिग असेल तर थप्प झाली की रॉडचं टोक खाली, लाइनचा ढिलेपणा हळू गोळा करा, मनात दोन-तीन आकडे मोजा, वजन अजून आहे ना बघा, आणि मग रॉड बाजूला जोरात ओढून धरा, वर झटका नाही, लांब ओढ, आणि रीळ चालूच ठेवा. जिवंत आमिष असेल तर जास्त थांबा, दहा-पंधरा सेकंद तरी, मोठं आमिष असेल तर आणखी. सर्कल हुक म्हणजे टोक आत वळलेला गोल गळ असेल तर झटका मुळीच नाही, फक्त रीळ फिरवत घट्ट करत जा, तो आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, आणि लहान मासा सोडायचा असेल तेव्हा गळ पोटात गेलेला नसल्याने तो जगतो. सुरुवातीला हे थांबणं जमत नाही, हात ऐकत नाही. मी एका सीझनमध्ये मुद्दाम जिवंत आमिषच वापरलं ते फक्त हाताला सवय लागावी म्हणून, तुम्हीही तेच करा असं मी म्हणेन. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आलं यात, जागा शोधताना प्लास्टिक कारण जास्त पाणी चाळता येतं, जागा सापडली की किंवा बाईट शिकायचा असेल तर जिवंत.

जिवंतमध्ये तीन-चार इंची बोयटाचं पिल्लू, पागाने पहाटे धरलेलं, खालच्या-वरच्या ओठातून गळ काढून. मड मिनो म्हणतात तो बारका मासा आणखी चिवट, दिवसभर जगतो. कोळंबीवर पण लागतो पण कोळंबी सगळेच खातात, तासाभरात डबा रिकामा होतो. मांडणी साधी, अंड्याच्या आकाराचं भोकाचं शिसं लाइनवर मोकळं, मग स्विव्हल म्हणजे फिरती कडी, मग दीड-दोन फूट लीडर आणि गळ. शिसं मोकळं सरकतं म्हणून माशाला वजन लागत नाही. फक्त एका जागी टाकून बसू नका, हेही अर्ध्या-एका मिनिटाला फूटभर सरकवत राहा.

समर फ्लाउंडरवाले जे बोटीतून करतात ते जरा वेगळं, त्यांचं सगळं गणित वाहण्यावर. बोट प्रवाहाबरोबर सोडायची, वेग साधारण एक नॉट किंवा कमी, आणि बकटेल जिगवर, म्हणजे केसांचा झुपका बांधलेल्या जिगवर, माकुलाची लांब पट्टी लावून तळावर टकटक करत न्यायचं. वारा आणि प्रवाह एकाच दिशेला असले की बोट फार पळते, तेव्हा पाण्यात ड्रिफ्ट सॉक म्हणजे पाणी अडवणारी कापडी पिशवी सोडून वेग मारायचा. तुम्ही कयाकमधून वाऱ्याबरोबर चॅनलच्या कडेने हेच करू शकता, छान जमतं.

बाहेर काढताना बरेच मासे जातात, त्यामुळे हातजाळं आणाच. मोठा फ्लाउंडर तळापासून निमूट वर येतो, दमला असं वाटतं, आणि पृष्ठभागाला डोकं बाहेर आलं रे आलं की असा काही हलवतो की गळ उडून कपाळाला येतो. म्हणून डोकं पाण्याबाहेर काढायचंच नाही. जाळं आधीच पाण्यात बुडवून स्थिर ठेवा आणि मासा डोक्याकडून त्यात ओढत आणा, जाळ्याने माशाचा पाठलाग करू नका. माझ्या हातून गेलेला आयुष्यातला सगळ्यात मोठा असाच गेला, दगडी बांधावर होतो, जाळं गाडीत राहिलेलं, म्हटलं लाइनने उचलतो, दगडाच्या वर वीतभर आला आणि सुटला. किती होता ते नाही सांगत, कोणी विश्वास ठेवत नाही. तसे मोठे होतात म्हणा हे, सदर्नचा विक्रम २० पौंड ९ औंसांचा आहे, १९८३ चा, फ्लोरिडातल्या नासाउ साउंडमधला, आणि समर फ्लाउंडरचा २२ पौंड ७ औंस, न्यूयॉर्कच्या माँटॉकला १९७५ मध्ये पकडलेला. हातात आल्यावर तोंडात अंगठा घालून धरू नका, बास मासा नाहीये तो. कल्ल्याच्या मागून धरा किंवा ग्रिप वापरा.

रात्री दिवा घेऊन भाल्याने मारणारे असतात, बघायला सुंदर प्रकार आहे, गुडघाभर नितळ पाणी, निवांत वारा, आणि दिव्यात तळावर त्याची कड उमटलेली दिसते. पण भाला मारल्यावर मासा परत सोडता येत नाही, माप नजरेने अचूक कळत नसेल तर हात आवरा, आणि काही ठिकाणी काही महिन्यांत यावर वेगळे निर्बंध असतात. दिवसा असो की रात्री, पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, घासत घासत चाला, पाकट त्याच वाळूत तशीच अंग पुरून बसलेली असते आणि पाय वर पडला तर शेपटीचा काटा मारते. मारलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय तास-दीड तास ठेवायचा, दुखणं उतरतं, पण काटा आत राहिला असेल किंवा जखम खोल असेल तर डॉक्टरकडेच. कालवाने कापलं तरी दुर्लक्ष करू नका, गरम खारट पाण्यात व्हिब्रिओ जिवाणू असतात, लिव्हरचा आजार असणाऱ्याला तर ते जिवावर बेतू शकतं. बूट घालूनच उतरा.

आणि रंग. गढूळ पाण्यात पांढरा, पिवळट किंवा झगझगीत गुलाबी, नितळ पाण्यात तपकिरी नाहीतर कोळंबीसारखा. माझ्या पेटीत दोनच आहेत, तिसरा मागच्या वर्षी कोणीतरी दिला तो अजून पाकिटात आहे.

पुढच्या वेळी जाल तेव्हा असं करून बघा, ओहोटी अर्धी झाल्यावर एकच छोटा नाला पकडा, कयाक लांब बांधून ठेवा, आधी कडेचं पाणी मग तोंड, आणि पाणी थांबेपर्यंत तिथून हलायचं नाही. जड लागलं की थांबायचं. आणि सुटला तरी आमिष वर काढून बघा, दातांची कमान दिसली तर दुसरं लावून लगेच त्याच ठिकाणी टाका. ट्राउट सुटला की गेला, हा पुष्कळदा तिथेच परत बसलेला असतो, आणि दुसऱ्यांदा जास्त घट्ट धरतो.